चारशे चौतीसचा उजेड

ही गोष्ट घडलेली आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या, पण कुणी रचून सांगितलेली नाही.

आणि ती रात्रीची नाही. रात्रीची असती तर मीच म्हणालो असतो की डोळ्यांना भास झाला असेल. जुलै महिन्यातला बुधवार होता. दुपारचे दोन वाजले होते. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

माझं काम यंत्रं दुरुस्त करण्याचं. प्रकाश मोजणारी यंत्रं. इसानमध्ये, म्हणजे बँकॉकच्या ईशान्येकडच्या मुलखात, खोन केनच्या बाजूला एक विद्यापीठ आहे, तिथल्या रसायनशास्त्राच्या इमारतीत मी बारा वर्षं जातो आहे. विद्यापीठाचं नाव सांगणार नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

जिच्या बाबतीत हे घडलं, तिनेच मला सांगितलं. शेवटचा भाग मी स्वतः पाहिला.

तो पाहिला नसता तर बरं झालं असतं.

तिचं नाव आचान मालिवन. आचान म्हणजे तिकडचे मास्तर, प्राध्यापक. वय अठ्ठेचाळीस. शिकली परदेशात, जन्मली मात्र इसानच्याच एका खेड्यात, आणि ते खेडं तिने जिभेवरून पार पुसून टाकलं होतं. विद्यार्थी गावाकडचं बोलायला लागले की ती खोकायची. त्या खोकल्याला मुलं टरकून असत.

तिच्या प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती. घड्याळं, अंगठ्या, मनगटावरचे दोरे बाहेर काढून ठेवा.

दोऱ्यांचं असं आहे. इसानमध्ये कुणी परगावी निघालं, आजारातून उठलं, परीक्षेत पास झालं, की घरातली मोठी माणसं त्याच्या मनगटावर पांढरा दोरा बांधतात. माणसाचा जीव अंगातून भटकत असतो, त्याला हाक मारून परत आणायचं आणि गाठ मारून ठेवायचं. तो दोरा कात्रीने कापायचा नाही. झिजून आपणहून पडला तर पडू द्यायचा.

आचानच्या दाराबाहेर एक खिळा होता. मुलं दोरे सोडून त्या खिळ्याला अडकवायची आणि आत जायची. आईचा, आजीचा, मावशीचा, सगळ्यांचे दोरे त्या एका खिळ्यावर लोंबत असत.

"जीव बाहेर टांगून या," आचान म्हणायची, "आत मेंदू पुरे."

साइफिन तिची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. चुम्फेकडच्या भातशेतीवाल्या घरातली. बाप नाही. आई तोंगसी, तिला सगळे मे तोंगसी म्हणत, म्हणजे तोंगसीआई. साइफिनला एक सवय होती. मोजायची काचेची कुपी धुतली की ती टिपकागदावर दोनदा टेकवायची. टक, टक. आणि मगच यंत्रात ठेवायची.

ही टकटक लक्षात ठेवा.

साइफिनने एक नवा पदार्थ बनवला होता. जांभळ्या दिव्याखाली तो चमकायचा, आणि ज्या द्रावकात, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, टाकाल तसा रंग धरायचा. हेक्झेनमध्ये निळा, टोल्युईनमध्ये मोरपंखी, अल्कोहोलमध्ये थेट पिवळा. सासरी गेलेल्या पोरीसारखा, ज्या घरात पडला त्या घरचा होऊन जायचा. यंत्र त्या उजेडाची रेघ काढून देतं. कुठल्या रंगाचा उजेड किती, हे त्या रेघेच्या चढ-उतारावरून कळतं, आणि प्रत्येक रंगाला आकडा असतो.

पण आधी कोरी मोजणी करावी लागते. नुसतं द्रावक, त्यात काही न मिसळता. तिथे रेघ सपाट आली पाहिजे. सपाट आली नाही तर समजायचं, कुठेतरी घाण आहे. शंभर कोटींत एक कण असला तरी यंत्र चुगली करतं.

कोरी कुपी भरायचं काम आचान कुणालाही करू देत नसे. शेवटचं धुणं आणि शेवटचं भरणं तिच्याच हातचं. "तुमच्या हातांचा मला भरवसा नाही," ती सांगायची.

डिसेंबरात साइफिनचा पहिला निबंध छापून आला. मे तोंगसीने आचानला गावी जेवायला बोलावलं, आणि आचान चक्क गेली. म्हातारीने चिकट भाताची टोपली पुढे ठेवली, आचानचा उजवा हात मांडीवर घेतला आणि कोराकरकरीत पांढरा दोरा बांधला.

"माझी पोर तुमच्या पदरात टाकली, आचान. तुमचं भलं होवो."

त्याच आठवड्यात आचानच्या एका तपासणीचा निकाल यायचा होता. छातीत गाठ होती. निकाल चांगला आला.

आचानने दोरा काढला नाही. प्रयोगशाळेतसुद्धा नाही. बाही खाली ओढायची, वरून हातमोजा चढवायचा. दाराबाहेरच्या खिळ्यावर सगळ्यांचे दोरे होते, तिचा नव्हता.

जानेवारीत उंचवटा आला.

कोऱ्या मोजणीत. रेघ सपाट यायच्या ऐवजी चारशे चौतीसच्या आकड्यावर एक लहानसा उंचवटा. निळसर पांढऱ्या उजेडाचा. अल्कोहोलमध्ये जास्त, बाकीच्यांत कमी, पण प्रत्येक वेळी. द्रावकाचा स्वतःचाही एक टेकडा असतो, पण आत सोडायच्या प्रकाशाचा रंग बदलला की तो सरकतो. हा सरकत नव्हता. म्हणजे ही भेसळ होती. दुसरा निबंध तिथेच अडकला. त्या निबंधावर आचानचं मोठं पद ठरायचं होतं.

"द्रावक घाण आहे. पुन्हा गाळ," आचान म्हणाली.

साइफिनने गाळलं. उकळून, वाफ थंड करून, थेंब थेंब. चार वेळा, सहा वेळा, नऊ वेळा. उंचवटा तिथेच.

मार्चमधल्या शुक्रवारच्या बैठकीत, अकरा जणांसमोर, साइफिन उभी राहिली.

"आचान, मी काल एकटीने मोजलं. तुम्ही नव्हतात. तेव्हा तो उंचवटा आला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, आचान. नुसतं सांगितलं."

"अगं बोल की. मी असले की घाण येते, मी नसले की सगळं लख्ख. असंच ना?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोपऱ्यात प्रयोगशाळेचा जुना सहायक होता, त्याला सगळे पी उदोम म्हणत, म्हणजे उदोमदादा. त्यानेही घातली.

"तसं नाही, आचान."

"नखं दाखव."

साइफिनने हात पुढे केले.

"खाचरातला चिखल अजून निघालेला नाही यातला," आचान सगळ्यांना म्हणाली, "आणि ही मला स्वच्छता शिकवते. रविवारी ये. पुन्हा गाळ. उंचवटा जाईपर्यंत गाळत बस."

"रविवारी पी उदोम नसतात. दोन माणसं असल्याशिवाय..."

"एकटीने मोजता येतं ना तुला? मग एकटीने गाळताही येईल."

कुणीतरी हसलं. भीतीने हसलं असेल, पण हसलं.

साइफिन रविवारी आली. भर दुपारी बाराच्या सुमाराला काचेचं भांडं कोरडं पडलं आणि तडकलं. वाफेने पेट घेतला.

ती सहा दिवस जगली.

चौकशी समितीपुढे आचान मुख्य साक्षीदार होती. तिने सांगितलं, मुलगी परवानगीशिवाय आली होती. समितीने लिहिलं, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. पी उदोमला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मी रविवारी नसतो. ते खरंच होतं, आणि तेवढंच तो बोलला. बैठकीतल्या बाकीच्यांनीही तोंड उघडलं नाही.

शंभराव्या दिवसाचा दानधर्म आटोपून मे तोंगसी विद्यापीठात आली. आचानच्या खोलीत खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली.

"आचान, मला एकच सांगा. चूक तिची होती का? गावात म्हणतात, हाताची घाणेरडी होती, म्हणून मेली. माझी पोर लहानपणापासून भांडी घासायची तर विहिरीचं पाणी संपायचं. मला खरं वाटत नाही. पण तुम्ही सांगाल ते मी मानीन."

आचानला एक वाक्य बोलायचं होतं. 'मीच तिला बोलावलं होतं', एवढंच.

"घाई केली तिने, मे," आचान म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. मग तिचं लक्ष आचानच्या बाहीकडे गेलं. दोरा दिसत होता. मळलेला, पण शाबूत.

"अजून ठेवलात?" ती रडायला लागली. "माझ्या हातचा दोरा अजून ठेवलात तुम्ही?"

आणि तिने कनवटीतून नवा दोरा काढून त्याच्या शेजारी बांधला.

आठवड्याभराने पी उदोमने आचानच्या टेबलावर एक वही आणून ठेवली.

"साइफिनची. तिच्या खणात होती. मी उघडलेली नाही."

त्याने उघडली होती, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

शेवटच्या लिहिलेल्या पानावर एक रेघ काढली होती. सपाट, मग चारशे चौतीसवर उंचवटा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

"आचानच्या हातमोज्याच्या आत आईचा दोरा आहे. ओतताना थेंब बाहीत जातात, दोरा भिजतो, तेच द्रावक कुपीत उतरतं. बाजारातला दोरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्याला काहीतरी लावलेलं असतं, ते चमकतं. माझ्याजवळ त्याच रिळाचा तुकडा होता, तो भिजवून पाहिला. तोच उंचवटा."

आणि त्याखाली:

"आचानना कसं सांगू? सगळ्यांसमोर नको. त्यांना लाज वाटेल. आईलाही वाईट वाटेल."

पोरीला सगळं माहीत होतं. अकरा जणांसमोर नखं दाखवली, पण बोलली नाही. गुरूच्या बाहीकडे बोट कसं दाखवायचं म्हणून गप्प राहिली, आणि त्याच गप्पपणाने रविवारी मरायला आली. अशी चूक गावाकडचीच माणसं करतात.

आचानने पान फाडलं. तुकडे केले आणि ॲसिडच्या कचऱ्यात टाकले. ते विरघळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

हे तिने मला स्वतः सांगितलं. सांगताना रडलीबिडली नाही.

आता तो बुधवार.

मे तोंगसीने गावच्या मास्तरांकडून अर्ज लिहून घेतला होता. माझ्या मुलीच्या नावापुढचे 'निष्काळजीपणा' आणि 'परवानगीशिवाय' हे शब्द काढा. बाकी काही मागणं नाही. सुनावणी चार वाजता. आचान बोलेल तसं होणार होतं. म्हातारी सकाळपासून बाहेरच्या बाकावर भाताची टोपली मांडीवर घेऊन बसली होती.

दोन वाजता आचान यंत्राच्या खोलीत गेली. ही खोली अंधारीच असते. खिडकीला काळा कागद, दाराला काळा पडदा. बाहेर कितीही ऊन असो, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही.

तिने दोन्ही दोरे काढले. सोडवत बसली नाही. कात्रीने कापले.

मग हात कोपरापर्यंत धुतले. नवे हातमोजे घातले. अल्कोहोलची सीलबंद बाटली फोडली, नवी कुपी घेतली.

तिला काय हवं होतं, ते ऐका. रेघ सपाट आली तर साइफिन खरी आणि घाण आचानची. उंचवटा आला तर वहीतलं खोटं, दोरा निर्दोष, आचान निर्दोष. ती उंचवटा येऊ दे म्हणून हात जोडत होती. जो जावा म्हणून तिने एका पोरीला जाळलं, तोच आता यावा म्हणून.

कुपी ठेवली. झाकण लावलं. बटण दाबलं.

रेघ सरकायला लागली. तीनशे ऐंशी... सपाट. चारशे... सपाट. चारशे वीस...

चारशे चौतीस.

उंचवटा आला.

आचान हसली. मोठ्याने हसली, एकटीच. कागद छापून घेतला. झालं. दोरा नव्हता, तरी उंचवटा आहे. पोरगी चुकली होती.

मग तिच्या मनात आलं, एकदा खात्री करून घेऊ. आत सोडायच्या प्रकाशाचा रंग बदलला. उंचवटा हलला नाही. अल्कोहोल ओतून टाकलं, हेक्झेन भरलं. उंचवटा तेवढाच, तिथेच.

तिने कुपीच काढून टाकली. आत काही नाही, नुसती रिकामी जागा.

चारशे चौतीस. आधीपेक्षा उंच.

खोली थंड होती, पण तिला घाम आला. एकच गोष्ट उरली होती. तिने यंत्राचा आतला दिवा बंद केला. आता आत प्रकाश जात नव्हता. प्रकाश आत गेला नाही तर काहीही चमकू शकत नाही. शाळेतल्या पोराला विचारा, तोही सांगेल.

रेघ सरकली.

तीनशे ऐंशी... चारशे... चारशे वीस...

आणि तेवढ्यात तिच्या पाठीमागे, धुण्याच्या टेबलावर...

टक.

टक.

ती वळली नाही. वळता आलंच नाही. काच कागदावर टेकवल्याचा आवाज, अगदी हलका. मग नळ सुटल्यासारखं बारीक पाणी. मग पुन्हा.

टक, टक.

जळल्याचा वास नव्हता. कुणी रडत नव्हतं. नुसतं कुणीतरी मन लावून काम करत होतं. धूत होतं. पुन्हा पुन्हा धूत होतं.

यंत्राच्या पडद्यावर उंचवटा इतका चढला की रेघ वरच्या कडेबाहेर गेली.

आचानने चाचपडत यंत्राचं मुख्य बटण बंद केलं. पंखा थांबला. पडदा काळा झाला. आता खोलीत तिळाएवढाही उजेड असायला नको होता.

पण तिला टेबलाची कड दिसत होती. बाटली दिसत होती. स्वतःची बोटं दिसत होती.

उजेड तिच्या मनगटातून येत होता.

हातमोज्याच्या आतून, निळसर पांढरा. तिने मोजा ओढून काढला. कापलेल्या दोऱ्याच्या जागी बारीक गोल रेघ होती. दोन वेढे. आणि प्रत्येक वेढ्याला गाठ.

टकटक थांबली होती.

दाराच्या पडद्याशी पावलं वाजली. ओली पावलं. पडदा हलला नाही.

आता तुम्हाला वाटेल, ही बाई धावत बाहेर गेली, म्हातारीच्या पायावर पडली, सगळं कबूल केलं. मलाही ऐकताना तसंच वाटलं होतं.

ती बाहेर गेली. उन्हात मनगट पाहिलं. काही नव्हतं. तोंड धुतलं, केस नीट केले, बाही खाली ओढली.

आणि चार वाजता तिने तो छापलेला कागद समितीपुढे ठेवला.

"मी आज स्वतः तपासलं. नवी बाटली, नवी कुपी, माझे स्वच्छ हात. तरी हा उंचवटा आहेच. म्हणजे साइफिनच्या हातून यंत्राच्या आतच घाण सांडलेली आहे. आजवर तीच निघत नाही."

भुताने दिलेला पुरावा तिने भुताच्याच अंगावर टाकला.

समितीने अर्ज फेटाळला. मे तोंगसीला कुणीतरी सोप्या शब्दांत समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग आचानपुढे येऊन हात जोडले.

"खरं सांगितलंत, बरं झालं. मी उगाच तिची बाजू घेत होते. आता देवळात तेवढंच मागेन, की पुढच्या जन्मी पोरीला हात स्वच्छ दे."

आचान म्हणाली, "हो, मे. मागा."

सप्टेंबरात मला बोलावणं आलं. यंत्र बिघडलंय, कोरी मोजणी सपाट येत नाही.

मी यंत्र उघडलं, आरसे पुसले, दिवा बदलला. मोजलं. रेघ सपाट. पी उदोमने मोजलं. सपाट. चहा पिऊन आलो, पुन्हा मोजलं. मेलेल्या माणसाच्या नाडीइतकी सपाट.

"यंत्र ठणठणीत आहे, आचान," मी ओरडून सांगितलं.

आचान पडदा सारून आत आली. नुसती दारात उभी राहिली, कशाला हात लावला नाही.

रेघ चारशे चौतीसवर उचलली गेली.

पी उदोम बाहेर निघून गेला. त्याला हे नवीन नव्हतं.

"चांग," आचान मला म्हणाली. तिकडे मिस्त्रीला चांग म्हणतात. "तुमच्याकडे हातातला जांभळा दिवा आहे ना? तो धरा इथे."

तिने बाही वर केली. मी दिवा धरला.

नऊ वेढे होते. कातडीवर नव्हते, कातडीच्या खाली होते. मी अंगठ्याने घासून पाहिलं. निघाले नाहीत. प्रत्येकाला गाठ होती आणि गाठीची दोन टोकं सुटी होती. बाईच्या हातचीच बांधणी. वरचे वेढे कोपराकडे निघाले होते.

मग तिने मला सगळं सांगितलं. ते वहीचं पान, तो रविवार, सगळं. मी विचारलं, मलाच का सांगता? ती म्हणाली, "तुम्ही यंत्राचे. तुम्हाला पटेल."

आणि मग म्हणाली, "तुमची गाडी चुम्फेवरून जाते ना? मला सोडा. जिने बांधलंय तिच्याकडूनच सोडवून घेते."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, चला, उशिरा का होईना, म्हातारीला खरं कळेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आम्ही पोचलो. मे तोंगसी अंगणात भात वाळवत होती. आचानला पाहून तिची धांदल उडाली. चटई टाकली, पाणी आणलं.

आचानने हात पुढे केला.

"मे, हे सोडा. मला झोप नाही. हे सोडा माझ्या हातावरून."

म्हातारीने हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला. लख्ख ऊन पडलं होतं.

"काय सोडू, आचान? इथे तर काहीच नाही."

म्हातारीने मनगटावरून अंगठा फिरवला.

"दोरा म्हणता? तो तर पडलेला दिसतो. नुसतं मनगट आहे."

आता सांगायला हवं होतं. काय दिसतंय, का दिसतंय, कुठून आलं. एक वाक्य. मी आचानच्या तोंडाकडे पाहत होतो. तिचे ओठ हलले. घशापर्यंत आलेलं मला दिसलं.

"काही नाही, मे," ती म्हणाली. "कामाचा ताण आहे."

म्हातारी कळवळली. "अगं बाई, तुमचा जीव भटकलाय. माझ्या पोरीच्या दुःखाने तुम्ही पण खंगलात. थांबा."

ती आत गेली आणि रीळ घेऊन आली. कोराकरकरीत, पांढराशुभ्र. आचानचा हात मांडीवर घेतला. "ये रे जिवा, परत ये, घरी ये," असं पुटपुटत पहिला वेढा घातला, गाठ मारली. मग दुसरा. मग तिसरा, "साइफिनच्या वतीने" म्हणून.

आचान ओरडली नाही. हात मागेही घेतला नाही. डोळे मिटून बसून राहिली.

मग म्हातारी माझ्याकडे वळली. "तुम्ही माझ्या आचानला घेऊन आलात. द्या हात."

आणि मी हात दिला.

त्याला सहा वर्षं झाली. आचान मालिवन आता शिकवत नाही. कुणी म्हणतं उत्तरेकडे मठात आहे, कुणी म्हणतं खोलीत दिवा लावायची तिला गरज पडत नाही. हे ऐकीव आहे, मी खात्री केलेली नाही.

यंत्र तपासलं त्या दिवशी मी त्याचा अहवाल लिहिला होता. यंत्रात दोष नाही. तेवढंच लिहिलं, आणि सही केली. मोठ्यांच्या भानगडीत मिस्त्रीने कशाला पडायचं.

मे तोंगसीचा नंबर माझ्याकडे आहे. नव्या वर्षाला ती फोन करते, तब्येत विचारते. परवाही केला होता. म्हणाली, पोरीच्या हातांसाठी अजून मागते. मी 'हो, मे' म्हणालो.

माझा दोरा कधीच झिजून पडला.

पण गेल्या पावसाळ्यापासून, कुठेही गेलो, कुठलंही यंत्र उघडलं, की कोऱ्या मोजणीत एक उंचवटा येतो. फार नाही, थोडासाच. गिऱ्हाइकाला मी सांगतो, द्रावक घाण असेल.

जांभळा दिवा माझ्या पेटीतच असतो. तो मी स्वतःच्या हातावर धरून पाहिलेला नाही.

काल बँकॉकमध्ये एका कंपनीत काम करत होतो. खोलीत मी एकटाच होतो. कुपी मी अजून धुतलीही नव्हती...

टक, टक.